भोंगा सगळ्या खात्यांना ऐकू जातो

हे सगळं झालं ते दोन हजार तेवीस साली. करी रोडच्या जुन्या चाळी पाडून उभे केलेले टॉवर तोवर माणसांनी भरले होते. भोईवाड्यातून उठून अशाच एका टॉवरच्या चौदाव्या मजल्यावर राहायला गेलेल्या कमलाबाई कासारे सत्त्याहत्तर वर्षांच्या झाल्या होत्या. घरात मुलगा प्रफुल्ल आणि सून मानसी. स्वतंत्र संडास-बाथरूम, तेही दोन. चाळीत चाळीस वर्षं मजल्याच्या टोकाला बादली घेऊन रांग लावलेल्या बाईला याहून मोठं सुख कुठलं, असं येणारा-जाणारा म्हणायचा.

पण सुख आलं तेव्हा धीर संपला होता. लघवीची भावना झाली की आवरणं म्हणून उरायचं नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंतचं अंतर त्यांना शिवाजी पार्कला वळसा घालण्याएवढं वाटे. त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला त्या भोईवाड्याच्या विहारात गेल्या. पांढरं पातळ नेसून नेहमीप्रमाणे पहिल्या रांगेत बसल्या. वंदना त्याच सांगत; त्यांनी ओळ म्हणायची आणि मागच्यांनी उचलायची, असा किती वर्षांचा रिवाज. वंदना नीट पार पडली. मग पाहुण्यांचं भाषण सुरू झालं आणि ते काही संपेना. कमलाबाई उठायला म्हणून गुडघ्यावर हात टेकून वाकल्या, तेवढ्यातच झालं. पांढऱ्यावर ते लपत नाही. बायकांनी चटकन भोवती कडं केलं, एकीने आपली शाल त्यांच्या कमरेला गुंडाळली. कुणी अवाक्षर काढलं नाही. त्या न बोलण्यानेच कमलाबाई जास्त मेल्या. घरी येऊन म्हणाल्या, "मी आता विहारात जायची नाही."

उर्मिला ही त्यांची नणंद. आई गेली तेव्हा उर्मिला नऊ वर्षांची होती आणि वहिनी नवी नवरी. वहिनीने तिला मुलीसारखी वाढवली, मिलमध्ये राबून डॉक्टर केली. उर्मिला पुढे परळच्या एका मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवायला लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. लग्न केलं नाही. परळ गावात दोन खोल्यांच्या जागेत एकटी राहायची.

वहिनीच्या मूत्राशयाचा सगळा इतिहास तिला पाठ होता. गिरण्यांवर, संपावर, जॉबरवर, भिंतीवरच्या पोस्टरांवरसुद्धा लोकांनी प्रबंध लिहिले. गिरणगावातल्या बायकांनी मूत आवरून जी वर्षं काढली त्यावर कुणी ओळ लिहिली नाही, याची तिला कायमची चीड होती. वहिनी सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. बायकांची मुतारी अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला. जायचं तर नायकिणीला, म्हणजे बायकांवरच्या मुकादमिणीला विचारायचं, आणि नायकीण म्हणायची, "आत्ताच तर आलीस ना गं?" म्हणून बायका पाणीच प्यायच्या नाहीत. पाळी सुटून चाळीत यावं तर तिथे पुरुष नंबर लावून उभे. खुद्द उर्मिला कॉलेजात लेक्चरर झाली तेव्हा तिच्या मजल्यावर बायकांसाठी सोय नव्हती. विभागप्रमुखांकडे तक्रार केली तर ते म्हणाले, "तुम्ही एकट्याच तर आहात." मग ती दोन मजले उतरून पेशंटच्या वॉर्डात जायची. मूत्राशय हाच तिने संशोधनाचा विषय घेतला, तेव्हा पुरुष सहकारी गालात हसले होते. हसू देत, म्हणाली होती ती.

विहारातल्या प्रकारानंतर प्रफुल्लने आईला शिवाजी पार्कच्या डॉक्टर देवदत्त धैर्यवानांकडे नेलं. मोठं नाव, जुनं मुंबईकर घराणं, चार पिढ्यांचा बंगला, आणि उर्मिलाचाच एकेकाळचा विद्यार्थी. त्याने तपासलं, गोळी लिहून दिली. त्याच सुमारास उर्मिलाच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि ती घरात अडकली. वहिनीशी बोलणं फोनवरच. वहिनी पहिल्या महिन्यात म्हणाली, "बरं आहे गं. कोरडी आहे." पुढेपुढे तिचं बोलणं तुटक होत गेलं. शब्द जड यायचे, मध्येच थांबायची. 'हं' म्हणून फोन ठेवून द्यायची. आपण भेटायला गेलो नाही म्हणून वहिनी रुसली, असं उर्मिलाला वाटत राहिलं.

ऑक्टोबर लागताच ती काठी टेकत करी रोडला गेली. लिफ्टमधून बाहेर पडली तर दाराला बाहेरून कडी. मानसीने उघडलं.

"बाहेरून कडी कशाला?"

"आई निघून जातात, आत्या. परवा खाली गेटवर सापडल्या. वॉचमनला म्हणत होत्या, भोंगा झाला, मला पाळीला जायचंय."

वहिनी खिडकीपाशी बसली होती. केस कुणीतरी कापून टाकले होते. तिने उर्मिलाकडे पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या खात्यातल्या?"

उर्मिला खुर्चीवर बसली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते दुसरंच. वहिनीच्या ओठांच्या कडा फुटल्या होत्या. बोलताना जीभ टाळूला चिकटून 'टक' असा आवाज येत होता. बाहुल्या मोठ्या झालेल्या. हात लावला तर कातडी गरम आणि कोरडी. ज्या बाईने तीस वर्षं औषधांचे परिणाम फळ्यावर लिहिले, तिला हे चित्र ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"कुठल्या गोळ्या चालू आहेत? सगळ्या आण."

मानसीने स्टीलचा डबा आणून ठेवला. लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन, दिवसातून तीन वेळा. त्याखेरीज झोप लागत नाही म्हणून दिलेली एक, आणि अंगाला खाज येते म्हणून खालच्या मेडिकलवाल्याने दिलेली दुसरी. तिन्हींचा स्वभाव एकच.

"तीन वेळा कधीपासून?"

"आधी कमी होती. आईंचं तोंड सुकायचं, म्हणून त्या सारखं पाणी प्यायच्या, मग परत व्हायला लागलं. डॉक्टर म्हणाले, वाढवू."

प्रफुल्ल ऑफिसातून आला तो या प्रश्नोत्तरांत. म्युनिसिपाल्टीच्या पाणीखात्यात इंजिनिअर होता. पायातले बूट काढता काढताच म्हणाला, "आत्या, आईला डिमेन्शिया आहे. धैर्यवानांनी टेस्ट घेऊन सांगितलंय. बदलापूरला अशा लोकांसाठी चांगलं होम आहे, नर्स असतात. दिवाळीच्या आधी जागा मिळतेय."

"तिला विचारलंस?"

"कुणाला? बघ की तिच्याकडे."

"तिला काही झालेलं नाही. ही गोळी तिचं डोकं खातेय."

"लघवीची गोळी डोक्यात कशी जाईल? मी पाणीखात्यात आहे, आत्या. व्हॉल्व्ह कुठला आणि टाकी कुठली, एवढं मला कळतं."

"नळाची अक्कल शरीराला लावू नकोस." उर्मिलाचा आवाज चढला. "तुझ्या आईच्या मिलचा भोंगा ऐकलायस ना?"

"लहान होतो. ऐकलाय."

"भोंगा एकच वाजायचा. पण तो वाजला की स्पिनिंगमध्ये एक व्हायचं, वाइंडिंगमध्ये दुसरं, आणि कँटीनमध्ये तिसरंच. शरीरात असा एक भोंगा आहे, असिटिलकोलिन नावाचा. मूत्राशयाच्या स्नायूत तो ऐकणारी दोन खाती आहेत. त्यांना आम्ही रिसेप्टर म्हणतो. तिसऱ्या नंबरचं खातं लहान आहे, पण खरी ओढ त्याचीच. भोंगा वाजला की पिशवी आवळते ती त्याच्यामुळे. दुसऱ्या नंबरच्या खात्यात माणसं खच्चून भरलेली, पण ती स्वतः फारसं ओढत नाहीत. पिशवी सैल ठेवणारी वेगळी मंडळी असतात, त्यांचे हात ती धरून ठेवतात, म्हणजे आवळणाऱ्याला आडकाठी नको."

"आणि एक नंबर?" मानसीने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं, तरी विचारलं गेलं.

"एक नंबर डोक्यात बसलाय. आठवण, लक्ष, समोरचा माणूस कोण, हे सगळं तो सांभाळतो. आता ही गोळी. तिला एक नंबर, तीन नंबर असलं काही कळत नाही. ती दिसेल त्याच्या कानात बोळे घालत सुटते. मूत्राशय गप्प झालं, छान. तोंडातली लाळ आटली. पोट साफ होईना. आणि म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूचं कुंपण आधीच विरलेलं, तिथूनही ती आत शिरली. वर अजून दोन गोळ्या, तेच काम करणाऱ्या. मग बाई वॉचमनला पाळी विचारेल नाही तर काय करेल?"

"म्हणजे आईंना आम्ही खुळं केलं, असं म्हणायचंय तुम्हाला." मानसी म्हणाली.

"तुम्ही नाही."

"डोस आम्हीच वाढवून मागितला होता. चादरी मी धुते, आत्या. सकाळी बँकेत जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. तुम्ही फोनवर वहिनी वहिनी करता. गोळी बंद केली की परत चादरी कोण धुणार ते सांगा, मग आम्हाला रिसेप्टर शिकवा."

यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच उर्मिलाला अधिक राग आला. ती म्हणाली, "मी धुते. वहिनीचे चार कपडे पिशवीत भर. मी तिला घेऊन जाते."

"कडीकुलूप लावावं लागेल," प्रफुल्ल म्हणाला. "आणि दिवाळीच्या आधी ती परत हवी. मी होमला शब्द दिलाय."

"आई काय नग आहे का रे, शब्द द्यायला?"

प्रफुल्लने टॅक्सी बोलावली, आईला धरून खाली आणलं आणि टॅक्सीत बसवताना तिच्या पायातली चप्पल नीट केली. उर्मिलाने ते पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी उर्मिला शिवाजी पार्कला गेली. वहिनीपाशी शेजारची बाई बसवली होती. देवदत्तने तिला रांगेत थांबू दिलं नाही, स्वतः उठून आत घेतलं. पन्नाशीचा झाला होता. कानावरचे केस पांढरे.

"बसा मॅडम. गुडघे काय म्हणतात?"

"गुडघे राहू देत. सत्त्याहत्तर वर्षांच्या बाईला ऑक्सिब्युटिनिन दिलंस, वर वाढवलंस. का?"

"जुनं औषध आहे. चालतं. सहज मिळतं."

"डोक्यातल्या एम-वनवर काय करतं ते?"

देवदत्त जरासा हसला. "व्हायव्हा घेताय?"

"घेतेय. परीक्षेत मी तुला हाच प्रश्न विचारला होता. तू न अडखळता उत्तर दिलंस. दुसऱ्याची संख्या जास्त, पण आकुंचन तिसऱ्याचं, हे माझ्या वर्गात तुझ्याएवढं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. विसरला असतास तर मी समजले असते, देवदत्त. तुला माहीत होतं."

"मॅडम, तुम्ही आयुष्यभर उंदराच्या पट्टीवर काम केलंत. पेशंट वेगळा असतो. या वयात डिमेन्शिया आणि लघवीचा त्रास हातात हात घालून येतात. गोळी बंद करून बघा, माझी हरकत नाही. पण घरच्यांना उगीच आशा दाखवू नका."

उंदराची पट्टी. उर्मिलाला ती प्रयोगशाळा दिसली. कोमट खारट पाण्यात, दोऱ्याला टांगलेली मूत्राशयाची बोटभर पट्टी, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे, आणि काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढत जाणारी काडी. थेंब टाकला की पट्टी आवळायची, काडी वर चढायची. औषध घालून पट्टी गप्प केली की मुलं घाई करायची. पट्टी मेली मॅडम, म्हणायची, आणि कचऱ्यात टाकायला निघायची. ती त्यांना थांबवायची. आधी पाणी बदल. पुन्हा बदल. मग थांब. धुतल्याशिवाय मेली म्हणायचं नाही, हा तिच्या वर्गातला कायदा होता. पाणी बदलण्याचा कंटाळा करणाऱ्यांत हा देवदत्त पहिला.

"धुऊन बघितलंस का?" तिने विचारलं.

"काय?"

"गोळी काढून, थांबून, मग टेस्ट घेतलीस का? की गोळी पोटात असतानाच घेतलीस?"

देवदत्त म्हणाला, "टेस्ट फार वाईट होती, मॅडम. तारीख नाही, वार नाही. नुकताच कुठला सण झाला विचारलं, सगळी मुंबई गणपतीच्या आवाजाने दणाणून गेलेली, त्यांना सांगता येईना. पुढच्या प्रश्नांना तरी काहीतरी बोलत होत्या. मग मी म्हटलं, लहानपणचं शेवटपर्यंत राहतं, ते विचारू. म्हटलं, आजी, शुभंकरोती म्हणा. त्यावर तर एक शब्द नाही. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. साधं शुभंकरोतीसुद्धा उरलेलं नाही, तेव्हा मी प्रफुल्लला सांगितलं की आता मागे वळायचं नाही."

उर्मिलाचं कॉलेजात आयुष्य गेलं. कोटाबिटा, तुमच्यातले, आमच्यातले, सगळं ऐकून झालं होतं. पण हे असं सहज, प्रेमळ आवाजात, आजी म्हणून.

"आमच्या घरात शुभंकरोती म्हणत नाहीत, देवदत्त. माझ्या वहिनीला ते येणार कुठून? तुझ्या आजीचं लहानपण तू माझ्या वहिनीत शोधलंस. सापडलं नाही, तर म्हणालास, हिचं डोकं गेलं."

"माझा तसा काही..." त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, मी कधी जात बघत नाही."

"नाहीच बघत. म्हणून तर दिसलं नाही तुला."

ती उठून आली. दारात पुढचा पेशंट वाट बघत होता, आणि तो म्हातारा तिच्याकडे पाहून बाजूला सरला, इतकी ती लाल झाली होती.

मग परळच्या दोन खोल्यांत चादरी सुरू झाल्या. उर्मिलाने आधी लघवी तपासून घेतली, कारण जंतू झाले तरी म्हातारं माणूस बरळतं. जंतू नव्हते. मग झोपेची आणि खाजेची गोळी बंद, आणि ती लघवीची गोळीही बंद. पहिले दिवस सगळ्यांत वाईट गेले. मूत्राशय जणू सूड घेत होतं. गादीवर प्लास्टिक, त्यावर जुनं धोतर, त्यावर चादर. गुडघे टेकता येत नव्हते म्हणून उर्मिला स्टुलावर बसून बादलीत चादर चोळायची आणि धैर्यवानांच्या चार पिढ्यांचा उद्धार करायची. वहिनी ऐकायची, मध्येच विचारायची, "कुणावर ओरडताय बाई? नायकिणीवर?" सुधारणा दिसेना. मानसीचे शब्द उर्मिलाला आठवायचे. आपलं चुकलं असेल तर? गोळीही खरी आणि डिमेन्शियाही खरा, असं असेल तर?

मग एका रविवारी तिने सुक्या जवळ्याची चटणी केली. इतके दिवस वहिनीला कोरडं काही गिळता येत नव्हतं, पेजेवर होती. त्या दिवशी तिने भाकरीचा तुकडा मोडला, चटणी लावून तोंडात घातला, नीट चावला आणि म्हणाली, "उर्मी, चिंच घालायला विसरलीस."

उर्मिला उठून मोरीपाशी गेली. चिंच आहे का बघते म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.

त्यानंतर वहिनी थोडी थोडी परत येत गेली. एका सकाळी वार बरोबर सांगायची, दुपारी चुकायची. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दिवशी तिने आपणहून विचारलं, "आज विहारात काय काय आहे?" उर्मिला म्हणाली, "चल, जाऊ या." वहिनी उठली नाही. मांडीखालची चादर चाचपून तिने पाहिली. ती ओली होती.

"माझी गोळी कुठाय?"

"बंद केली. तिच्यानेच तुझं डोकं फिरलं होतं." उर्मिलाने सगळं सांगितलं, भोंग्यासकट. वहिनी ऐकत होती. आपलं कौतुक होईल असं उर्मिलाला वाटलं असावं.

वहिनी म्हणाली, "मला विचारलंस?"

"तुला कळत नव्हतं तेव्हा, वहिनी."

"तेव्हा नव्हतं. गेल्या आठवड्यात कळत होतं. तेव्हा विचारलंस? माझ्या पिशवीचं कायम दुसऱ्यानेच ठरवायचं. मिलमध्ये नायकीण ठरवायची. मग त्या डॉक्टरने ठरवलं, माझ्या पोराने ठरवलं, आता तू. कोरडी राहून खुळी व्हायचं, की शहाणी राहून सगळ्यांदेखत ओली व्हायचं, हे मी ठरवणार होते ना? तू शिकलीस ते मला न विचारण्यासाठी?"

उर्मिलाच्या अंगात इतके दिवस जो राग उसळत होता, त्याचा झरा कुठून आला ते तिला त्या वेळी समोर दिसलं. तिने ओली चादर काढायला हात पुढे केला.

"आता विचार," वहिनी म्हणाली.

"काय करायचं, वहिनी?"

"दुसरी काही गोळी आहे का?"

"आहे. ती भोंग्याच्या वाटेला जात नाही. पिशवी सैल ठेवणारी जी मंडळी असतात, त्यांच्या हाताला बळ देते. डोक्याला त्रास नाही. पण रक्तदाब बघत राहावं लागेल, आणि पूर्ण कोरडं करेल असं मी सांगत नाही."

वहिनीने विचार केला. खालून धम्म रॅलीचा आवाज येत होता, तो लांब जाईपर्यंत केला.

"अर्धंमुर्धं चालेल. पण आधी त्या डॉक्टरकडे जायचं. प्रफुल्लला पण बोलव."

"त्याच्याकडे कशाला? गोळी दुसरा कुणी लिहून देईल."

"प्रफुल्ल माझं ऐकायचा नाही. तुझंही नाही. पँटशर्टातल्या माणसाचं ऐकेल. दिवाळी आली."

प्रफुल्ल आणि मानसी दोघंही सुट्टी काढून आली. देवदत्तने सगळ्यांना बसायला खुर्च्या दिल्या. उर्मिलाकडे बघायचं त्याने टाळलं. प्रश्न विचारत गेला. तारीख, वार, आपण कुठे आहोत, शंभरातून सात काढा, त्यातून सात. वहिनी उत्तरं देत गेली. एक वजाबाकी चुकली, ती म्हणाली, "थांबा," आणि परत केली. प्रफुल्लने मानसीकडे पाहिलं. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, त्यांतला एक राहिला, दोन आठवले.

"छान, आजी," देवदत्त म्हणाला. "खूपच फरक आहे."

"झालं तुमचं?" वहिनीने विचारलं. "मागच्या वेळी तुम्ही मला शुभंकरोती म्हणायला सांगितलं होतं."

"हो, पण ते मी आता... मॅडमनी सांगितलं मला. तुमच्याकडे म्हणत नाहीत. तुम्हाला येत नसणार, माझ्या लक्षात आलं नाही."

"येतं मला."

उर्मिलाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"शाळेत बाई रोज म्हणून घ्यायच्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत येतं. छप्पन साली माझ्या बापाने घरातले देव धडप्यात बांधून खाडीत सोडले आणि मला म्हणाला, कमळे, यापुढे हे तोंडातून काढायचं नाही. दहा वर्षांची होते. नाही काढलं. तुम्ही विचारलंत त्या दिवशी मला माझ्या पोराचं नाव आठवत नव्हतं. घर कुठलं ते आठवत नव्हतं. पण हे म्हणायचं नाही, एवढं आठवत होतं. म्हणून गप्प बसले. तुम्ही त्याला विसरणं म्हणालात."

देवदत्तने पेनचं टोपण लावलं, काढलं. उर्मिला वाट बघत होती. चुकलं, एवढा एक शब्द. तो आला नाही.

तो प्रफुल्लकडे वळून म्हणाला, "होमची आवश्यकता नाही. जुनी गोळी पुन्हा देऊ नका. दुसरी लिहून देतो."

"मला सांगा," वहिनी म्हणाली. "गोळी मी खाणार आहे."

त्याने खुर्ची फिरवली आणि गोळी कशी घ्यायची ते त्यांना सांगितलं, दोनदा सांगितलं. वहिनीने रक्तदाबाचं विचारलं, पोट धरेल का ते विचारलं. सगळं समजून घेऊन मगच उठली. बाहेर आल्यावर प्रफुल्लने बदलापूरला फोन लावला. काय बोलला ते रस्त्याच्या आवाजात कळलं नाही, पण फोन ठेवल्यावर तो आईच्या समोर येऊन उभा राहिला. वहिनीने त्याला एवढंच विचारलं, "बाहेरची कडी काढलीस का?"

"काढतो."

"काढ, मग मी येते."

कडी काढून झाल्यावर कमलाबाई दिवाळीनंतर करी रोडला परतल्या. नव्या गोळीने अर्धंमुर्धंच काम केलं, जसं ठरलं होतं तसं. पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला त्या विहारात गेल्या. पहिल्या रांगेत न बसता दाराजवळ बसल्या आणि तिथूनच वंदना सांगितली. त्या सगळ्यांच्या मागे बसल्याने बायकांना मान वळवून ओळ उचलावी लागली. दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत न्यूमोनियाने गेल्या. शेवटच्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला त्यांनी नावाने हाक मारली.

प्रफुल्ल आत्याशी वर्षभर धड बोलला नाही. आईच्या मागे बोलायला लागला, पण तो विषय कधी निघाला नाही. मानसीने बँकेत बदली मागून घेतली आणि जवळच्या शाखेत आली. चादरी कुणी धुवायच्या हे तिनेच ठरवून दिलं होतं: एक आठवडा करी रोडला धुवायच्या, एक आठवडा परळला पाठवायच्या. ते दोन्ही घरांनी पाळलं.

देवदत्त धैर्यवानांचा दवाखाना जोरात चालतो. शुभंकरोती त्यांनी प्रश्नांतून काढून टाकलं, असं तिथली रिसेप्शनिस्ट सांगते. जुनी गोळी मात्र ते अजून लिहून देतात, डोस थोडा कमी करून. उर्मिलाला त्यांचा फोन आला नाही. कमलाबाई गेल्याचंही त्यांना कुणी कळवलं नाही.

उर्मिला परळलाच असते. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर विहारात खुर्ची टाकून बसते आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या घेऊन या, म्हणते. काही बायका पिशवी भरून आणतात, काही नुसत्या हसून जातात. रागावल्याशिवाय तिला समजावता येत नाही, अशी तिच्याबद्दल बायकांची तक्रार आहे. ती म्हणते, मग रागावून समजावते.